चौदा रकाने

"आज त्या कागदाचं नाव जरी काढलंस ना, तेओ, तर मी तुला लेंकासकट बाहेर काढीन," लिल्याना म्हणाली आणि कोबीच्या पानांत गुंडाळलेल्या सारम्याच्या पातेल्यावर झाकण एवढ्या जोरात ठेवलं की आतल्या खोलीत आठ महिन्यांची लेंका दचकून कुरकुरली.

"मी कशाला काढू? तो दहा दिवस आजीकडेच आहे."

"म्हणूनच म्हणतेय. दहा दिवस त्या नीट जेवलेल्या नाहीत."

तेओदोरा लेकीला घेऊन ओट्याला टेकली. सकाळी पाद्री येऊन पाव कापून, मेणबत्ती पेटवून गेले होते. शेजारपाजारचे पहिल्या पंगतीला जेवून गेले होते, आणि दुसरी मंडळी पाचच्या आधी येणार नव्हती. जुर्जिचच्या दिवशी, म्हणजे घराण्याच्या संताच्या सणाला, दुपारी तीन ते पाच घर असंच रिकामं असे. मायलेकींची वर्षभराची भांडणंही ठरल्यासारखी याच दोन तासांत होत.

"तुझ्या त्या विषयात न्यूझीलंड आहे, ब्राझील आहे, भारतातल्या बायकांचे गट आहेत. एवढं सगळं जग कमी पडतं? माझी सासूच हवी?"

"विद्यापीठाचं मंडळ तेच म्हणतंय ना! सोमवारी बैठक आहे. गेल्या खेपेला विभागप्रमुख म्हणाले, 'बाई, जगभरचं आणलंत, चांगलं केलंत, पण यात आपलं काय आहे? दुसऱ्यांच्या चुका दाखवणं सोपं असतं.' आणि आई, ते बरोबर बोलत होते. इथली फाईल नसेल तर विषय बारगळला. तीन वर्षं गेली माझी."

"मग दुसरी घे. केंद्राच्या तळघरात चार हजार फायली आहेत. किल्ली मीच दिली होती तुला, मूर्खासारखी."

"दुसरी घेतली असती आणि ही लपवली असती, तर वर्गातल्या मुलांसमोर कुठल्या तोंडाने उभी राहू?"

लिल्यानाने ओट्यावरचं फडकं झटकलं. पोरीचं खरं होतं, आणि त्याचाच तिला राग आला होता. व्रेलोवोच्या समाजकार्य केंद्राची ती गेली नऊ वर्षं प्रमुख होती, पण त्या कामावर ती आली ती सासूमुळे. लग्न होऊन आली तेव्हा मोज्यांच्या कारखान्यात हजेऱ्या लिहायची. तिसऱ्याच महिन्यात देसांकाने तिच्या हातातला भांड्यांचा ब्रश काढून घेतला होता. 'सूनबाई, हे कोणीही घासेल. तू समाजकार्याच्या शाळेत नाव घाल.' पोटात तेओ होती तेव्हा परीक्षेच्या आदल्या दिवशी प्रश्न विचारणारी, उत्तर चुकलं की स्वतःच कपाळावर हात मारून घेणारी सासू. त्या बाईला आता तिचीच नात फळ्यापुढे उभी करणार होती. सत्तावन्न वर्षांपूर्वीची फाईल. चार वर्षांची मुलगी घरातून उचलून बालगृहात ठेवली, सही कर्मचारी 'द.' यांची.

"नाव तर नाहीच घातलेलं मी," तेओ हळूच म्हणाली. "फक्त 'द.' आहे."

"अख्ख्या गावाला ठाऊक आहे 'द.' कोण ते. कोंबड्यांनाही ठाऊक आहे."

बाहेरच्या खोलीतून तेओच्या बापाचा, रादोशचा आवाज आला, "तिथे काय चाललंय? माझी कॉफी कुठाय? निदान उभ्याने तरी प्यायला द्या!"

सण त्याच्या घराण्याचा. त्यामुळे यजमान म्हणून आज दिवसभर त्याने बसायचं नव्हतं. बॉयलर दुरुस्त करून करून त्याचे गुडघे गेले होते. सकाळपासून तो खुर्च्यांकडे असा बघत होता, जसा उपाशी माणूस मिठाईच्या दुकानाकडे बघतो.

"तुमच्या बायकांचं बरं आहे," कॉफी घेताना तो म्हणाला. "या घरात फॉर्म भरल्याशिवाय कोणी शिंकत नाही, पण बसायची परवानगी तरी आहे तुम्हाला."

तेवढ्यात उघड्या दारात कोणीतरी पाय पुसले.

*

बाई साठीची. बुटकी, करड्या कोटातली, डोक्याला गडद हिरवा रुमाल. एका हातात वाइनची बाटली, दुसऱ्या हातात कॉफीचं पाकीट, जसं आणायला हवं तसं.

"सण सुखाचा होवो, यजमान."

"तुमच्या आशीर्वादाने," रादोश म्हणाला. तिला त्याने कधी पाहिलं नव्हतं. पण जुर्जिचला कोणी आमंत्रण देत नाही, आणि आलेल्याला कोण म्हणून विचारत नाही. त्याने भेटवस्तू घेतल्या, कोट घेतला आणि गव्हाचं तबक पुढे केलं. उकडलेले गहू, त्यात कुटलेले अक्रोड आणि साखर. वर लिल्यानाने काढलेला साखरेचा क्रॉस, तो सकाळपासून एका बाजूने खचत आला होता. शेजारी पाण्याचा ग्लास, त्यात वापरलेले चमचे.

बाईने गव्हाकडे पाहिलं. हात पुढे केला नाही.

"आत्ता नको," ती म्हणाली. "नंतर बघू."

रादोश तबक धरून तसाच उभा राहिला. बाप गेल्यापासून, सव्वीस वर्षं, तो या दारात हे तबक धरत होता. समोरच्या घरातला मधुमेही स्तोयान डॉक्टरला शिव्या घालत का होईना, अर्धा चमचा घेई. निवडणुकीत याच घरावर चिखल फेकलेला माणूससुद्धा पुढच्या सणाला येऊन चमचा घेऊन गेला होता. हे गहू घरातल्या गेलेल्यांच्या नावाचे. त्यांना नको कोणी म्हणत नाही.

"साखर कमी आहे हो," तो चाचरत म्हणाला. "पथ्य असेल तर..."

"पथ्य नाही."

तेओदोरा स्वयंपाकघरातून बाहेर आली आणि थबकली. "झ्लातियामावशी!"

लिल्याना तिच्या मागोमाग आली. नाव ऐकताच तिच्या चेहऱ्यावरून हसू पुसलं गेलं. हे नाव तिने त्या फाईलवर वाचलं होतं, उचलून नेलेल्या मुलीचं. "तू बोलावलंस?" तिने लेकीला दात आवळून विचारलं.

"नाही! आजीबद्दल सांगितलं होतं, ते खरं. गेल्या आठवड्यात. तिलाही कळायला हवं होतं ना, कोणाची नात तिला वर्गात बोलवतेय."

"जुर्जिचला कोण कोणाला बोलावतं?" झ्लातिया शांतपणे म्हणाली. तिने तो दिवस विचार करून निवडला होता हे तिघांनाही कळलं. आज या दारातून तिला कोणी परत पाठवू शकत नव्हतं. "म्हातारी कुठे बसली आहे?"

*

देसांका मेणबत्तीजवळ बसली होती. चौऱ्याऐंशी वर्षांची, पाठ अजून सरळ. डोळ्यांचं ऑपरेशन झाल्यापासून तिला नको इतकं स्पष्ट दिसायचं. कान तर कधी गेलेच नव्हते. दारातलं सगळं बोलणं तिने ऐकलं होतं, 'आत्ता नको'सुद्धा.

"ये," ती म्हणाली. "उजेडात बस. बघू दे."

झ्लातिया समोर बसली. तेओ लेंकाला मांडीवर घेऊन कोचाच्या कडेला टेकली. लिल्याना सासूच्या खुर्चीमागे पहारेकऱ्यासारखी उभी राहिली. रादोश तर उभाच होता.

"किती वर्षांची होतीस तू?"

"चार. तुमच्या कागदावर साडेतीन लिहिलंय."

"जन्मदाखला नव्हता. दातांवरून ठरवलं होतं."

"घोड्याचं ठरवतात तसं."

रादोशला ठसका लागला. देसांका मात्र हसली नाही आणि रागावलीही नाही. "हो," ती म्हणाली. "तसंच. वर्गात दातांचा तक्ता टांगलेला असायचा."

 मग ती नातीकडे वळली.

"तेओ, तुझा कागद मी वाचला. सगळा. मागे जोडलेले धडेसुद्धा. 'जागतिक दृष्टी' म्हणून लिहिलंयस. तुला काय वाटलं, जग पहिल्यांदा तूच आणतेयस इथे?"

"तसं नाही आजी..."

"एकोणसाठ साली आम्ही सदतीस मुली होतो. राजधानीत, जुन्या बराकीत वर्ग. शेगडी एकच, तिच्याजवळ बसायला भांडणं. पुस्तक समुद्रापलीकडून आलेलं, पिवळ्या पुठ्ठ्याचं. आधी एका भाषेत, मग दुसऱ्या, मग आपल्या. शेवटच्या पानावर चौदा रकाने. घरात शिरल्यावर काय काय बघायचं ते. चूल पेटलेली आहे का, अंथरुणं उचलली आहेत का, मुलांची नखं, बायकांचे केस. आम्ही ते पाठ केलं. मला वाटायचं, आता कोणाच्याही घरात शिरले तरी मला सगळं दिसेल. जगातलं शहाणपण हातात आहे. तुला वाटतंय ना आत्ता, अगदी तसंच."

"पण ते जग वरून आलं होतं, आजी. मी जे आणतेय ते..."

"सगळं जग वरूनच येतं, बाळा. विमानातून."

लिल्यानाने ओठ दाबले. तेओ लाल झाली.

"मी काय म्हणते," देसांका पुढे म्हणाली, "न्यूझीलंडमध्ये मूल उचलण्याआधी सगळं कुळ बोलावून बसवतात, हे वाचून मला आनंद झाला. रडूसुद्धा आलं. पण उद्या तूही त्याचा रकाना करशील. 'कुळ बोलावलं: होय किंवा नाही.' आधी एक विचारायचं. हा रकाना आखला तेव्हा आखणारा कुठल्या घरात बसला होता? तो ज्या घरात बसला होता, तिथे चूल विझली म्हणजे आळस. दुसरं काही तिथे घडतच नव्हतं."

तेओने मान खाली घातली. तिच्या पहिल्या व्याख्यानाची अकरा पानं तयार होती. अकरा पानांत जे होतं ते आजीने मेणबत्तीशेजारी बसून चार वाक्यांत सांगितलं होतं. आणि तिच्या पानांत ही बाई 'कर्मचारी द.' होती, पन्नास मिनिटांत उलगडून दाखवायचं एक उदाहरण. महिनाभर ती फाईल उराशी धरून बसली, आणि आजीच्या खोलीत येऊन 'आजी, त्या दिवशी काय झालं होतं गं?' एवढं विचारायचं राहून गेलं. कागदावरून माणूस ठरवू नका, हे शिकवायला निघालेली ती, कागदावरूनच ठरवून मोकळी झाली होती.

झ्लातियाने पर्स उघडली. आतून एक झेरॉक्स निघाली, घड्यांवर चिकटपट्टी लावलेली.

"माझी फाईल मी गेल्या वर्षी मागून घेतली," ती म्हणाली. "आता देतात, मागितली की. मी वीटभट्टीमागे आमच्या वस्तीत दवाखान्याचं काम करते, लसी, गरोदर बायका. रोज कागद भरते. त्यामुळे मला वाचता येतं हे. वाचू?"

"वाच," देसांका म्हणाली.

"'रकाना एक. चूल: विझलेली, किमान दोन दिवसांपासून. रकाना चार. मातेचे केस: मोकळे, न विंचरलेले. पाच. पुरुष: दोघे, दाढी वाढलेली, दिवसा घरी बसलेले. नऊ. बालिका: अस्वच्छ, तोंड धुतलेलं नाही. अकरा. आहार: उकडलेले गहू, अन्य काही नाही.'"

रादोशच्या हातात अजून तबक होतं. ते कुठे ठेवावं हे त्याला कळेना.

"माझा बाप त्याच्या दोन दिवस आधी वीटभट्टीत मेला होता," झ्लातिया म्हणाली. "प्रेत इस्पितळात नेलेलं, तपासासाठी. परत दिलं नव्हतं. माती होईपर्यंत आमच्यात चूल पेटवत नाहीत. केसांना फणी लावत नाहीत, तोंड धुवत नाहीत. ते दोघे माझे काका होते, प्रेताची वाट बघत बसलेले. आणि गहू माझ्या बापाच्या नावाचे होते. शेजारणीने तिच्या चुलीवर उकडून आणलेले."

"माईंना हे कसं कळणार होतं?" लिल्यानाचा हात सासूच्या खांद्यावर गेला होता. "कोणी सांगितलं नाही. भाषा येत नव्हती. कागदावर त्याला जागाच नव्हती. सत्तावीस वर्षांची पोर, हाताखाली तीन गावं..."

"आणि तेव्हाचं शिक्षणच तसं होतं, मावशी," तेओ म्हणाली. आपण काय बोलतोय हे तिच्या ध्यानात येईपर्यंत बोलून झालं होतं. मघापासून समोरासमोर भांडणाऱ्या मायलेकी आता एकाच खुर्चीची बाजू घेऊन बोलत होत्या. "तिला दिसलंच नसणार. दिसू नये असंच तर शिकवलं होतं..."

"गप्प बसा दोघी."

देसांकाने आवाज चढवला नव्हता.

"मला कळलं होतं."

लेंका मांडीवर तोंडाने बुडबुडे काढत होती. 

"दारासमोरच आरसा होता, खुंटीला," देसांका म्हणाली. "त्याच्यावर टॉवेल टाकलेला. निळ्या काठाचा. चव्वेचाळीस साली माझा बाप गेला तेव्हा माझ्या आईने आमच्याही आरशावर टाकला होता. मी सुद्धा चार वर्षांची होते. टॉवेल का ते मी आईला विचारलं आणि तिने मला जवळ घेतलं, एवढं एकच मला त्या दिवसातलं आठवतं. उंबऱ्यातच ओळखलं मी. या घरात मयत झालंय, हे पाय आत टाकायच्या आधी ओळखलं."

"माई," लिल्याना म्हणाली.

"थांब. मी फॉर्म काढला. पुस्तकात लिहिलं होतं, रिवाज ही सबब असते, दिसेल तेच लिहा. आणि मी वर्गात पहिली आलेली. टॉवेल दिसत होता, पण टॉवेलाला रकाना नव्हता. मी चौदाही रकाने भरले, एक रिकामा सोडला नाही. विसरले नाही मी, झ्लातिया. लिहिला नाही."

झ्लातियाने कागदाची घडी घातली. 

"मी तुम्हाला सांगायला आले होते," ती म्हणाली. "की ते सुतक होतं. एवढंच सांगायचं, तुमचा चेहरा बघायचा आणि जायचं. एवढी वर्षं मला वाटत होतं, त्या बाईला बिचारीला माहीतच नव्हतं. त्याच्यावर मी जगले." ती उठली. "सहा वर्षं मी त्या बालगृहात होते. आई दर दुसऱ्या रविवारी चालत यायची, बावीस किलोमीटर. घरी परत आले तेव्हा ती माझ्याशी बोलायची आणि मला तिची भाषा कळायची नाही. माझी आई, आणि मी तिला म्हणायचे, 'काय म्हणता?'"

आणि ती खोलीबाहेर गेली.

*

कोट द्यायला लिल्याना मागे धावली. तिला माफी मागायची होती, सासूच्या वतीने, केंद्राच्या वतीने. पण अंधाऱ्या पॅसेजमध्ये कोट हातात धरून ती बोलली ते भलतंच.

"आता आमचा फॉर्म संगणकावर असतो. एकतीस रकाने. एक रिकामा ठेवला तर पुढचं पान उघडत नाही."

झ्लातिया एका बाहीत हात घालून थांबली.

"मंगळवारी मी एका घरी गेले होते. नाव सांगता येत नाही मला. फ्रीज उघडला, रिकामा. मी लिहिलं, 'रिकामा.' सोमवारी ती शिफारस पुढे जायची आहे. दोन मुलं आहेत." तिने कोटाची दुसरी बाही पुढे धरली. "का रिकामा, ते मी विचारलंच नाही हो. घाई होती. पुढचं पान उघडायचं होतं."

"भट्टीमागे?" झ्लातियाने विचारलं. "पिवळ्या दाराचं?"

लिल्याना हो म्हणाली नाही, नाही म्हणाली नाही.

"फ्रीज धुतलेला होता की घाण?"

लिल्यानाने डोळे मिटले आणि ते घर आठवलं. पांढरं स्वच्छ आतलं. दार उघडं राहायला खोचलेली चिंधी, वास बसू नये म्हणून. "धुतलेला. वायरही काढून ठेवलेली."

"तो विकायला काढलाय तिने. मुलीचा चष्मा करायचाय. गिऱ्हाईक बुधवारी येणार होतं. दोन्ही पोरं माझ्या बहिणीकडे जेवतात, हवं तर येऊन बघा, हंड्याने जेवतात." झ्लातियाने बाहीतला हात बाहेर काढला. "देवा रे. बाई, तुम्ही अजून तेच करताय?"

"हो," लिल्याना म्हणाली.

तेहतीस वर्षं नोकरी झाली, पण हे असं कोणापुढे बोलायची तिची पहिलीच वेळ होती.  मनात तिने ठरवून टाकलं. सोमवारी सकाळी आठ वाजता ती शिफारस मागे घ्यायची, आणि त्याआधी, उद्याच, त्या पिवळ्या दारात जायचं.

झ्लातियाने कोट तिच्या हातात परत दिला.

*

"तुमची सून एकतीस रकाने भरते," खोलीत परत येऊन ती देसांकाला म्हणाली, "तुमच्यापेक्षा सतरा जास्त. प्रगती आहे."

"तिला मीच शिकवलं," देसांका म्हणाली. एवढ्या वेळात तिच्या हातात दहा दिवसांपूर्वीचा तो कागद आला होता. मूर्तीच्या फळीमागून रादोशनेच काढून दिला होता, न सांगता. लिल्यानाने त्याच्याकडे पाहिलं. त्याने खांदे उडवले.

"माफीबिफी मागू नका," झ्लातिया बसत म्हणाली. "मी काय करू ती घेऊन? ठेवायला जागा नाही. माझं ऐका. हिच्या वर्गात मी यायचं कबूल केलंय. पण आता एकटी येणार नाही. मी एकटी बोलले तर पोरं रडतील, घरी जाऊन जेवतील आणि विसरतील. तुम्ही माझ्या शेजारी बसून तो टॉवेल सांगितलात, तर घाबरतील. त्यांनी घाबरायला पाहिजे."

"ती चौऱ्याऐंशीची आहे," रादोश म्हणाला. "बसचा प्रवास, तीन तास..."

"तू आहेस ना गाडी चालवायला," देसांका म्हणाली. "तिथे बसायला मिळेल तुला."

"आजी, तुला नको असेल तर राहू दे," तेओ घाईने म्हणाली. आणि तिला खरोखरच तसं वाटत होतं, याचं तिला नवल वाटलं. "मी मंडळाला सांगते, या वर्षी नाही जमत. आधी मी तुला विचारायला हवं होतं. कागद द्यायच्या आधी."

"हवं होतं," देसांका म्हणाली. "आता पेन दे."

तिने चष्मा चढवला. 'कर्मचारी द.' यावर आडवी रेघ मारून वर लिहिलं: देसांका विदानोविच. जुन्या शाळेतलं अक्षर, एकाही वळणात घाई नाही. "द. म्हणजे कोण? दगड?" ती पुटपुटली. मग झ्लातियाकडे हात पसरला. झ्लातियाने क्षणभर थांबून चिकटपट्टीची झेरॉक्स तिच्या हातावर ठेवली. देसांकाने ती गुडघ्यावर पसरली.

"तुझ्या आईचं नाव काय? इथे नुसतं 'माता' लिहिलंय मी."

"स्ताना."

"आणि बापाचं?"

"त्राय्को."

चौदाव्या रकान्याखाली चार बोटं कोरी जागा होती. देसांकाने लिहिलं, आणि लिहिताना मोठ्याने म्हणत गेली, पूर्वी सुनेला परीक्षेसाठी सांगायची तसं: "'त्राय्को यांच्या मृत्यूचं सुतक. स्ताना यांनी आरशावर टॉवेल टाकला होता. मी तो पाहिला.'" तारीख आजची घातली. तेव्हाची नाही.

लेंकाने हात लांबवून कागदाचा कोपरा पकडला. तेओने एकेक बोट उकलून तिची मूठ सोडवली.

देसांका खुर्चीचे हात धरून उठली. लिल्याना आधाराला पुढे झाली, तिला तिने नजरेनेच थांबवलं. रादोशच्या हातातलं तबक घेतलं. गहू जड होते, मनगट खाली जात होतं. सव्वीस वर्षांत यजमानाच्या हातचं तबक कोणी काढून घेतलं नव्हतं. रादोशने ते मुकाट सोडलं.

"त्राय्को आणि स्ताना यांच्यासाठी," म्हातारी म्हणाली आणि तबक पुढे धरून उभी राहिली.

झ्लातिया बराच वेळ गव्हाकडे बघत बसली. साखरेचा क्रॉस एव्हाना पुरता खचला होता. मग तिने चमचा उचलला. अर्धा नाही, शिगोशिग भरला. तीन बोटं जुळवून छातीवर क्रॉस केला, तोंडातल्या तोंडात काहीतरी म्हणाली. तिच्या आईच्या भाषेत असावं, या घरात कोणाला कळलं नाही. तिने सावकाश चावलं. चौघे तिच्या जबड्याकडे बघत होते.

चमचा पाण्याच्या ग्लासात पडला.

"अक्रोड कमी आहेत," झ्लातिया म्हणाली.

"मी दर वर्षी सांगते," देसांका म्हणाली, "ही ऐकते कुठे!"